माझा पिन माहीत असलेला माणूस

नारायणगुड्यातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक ए.टी.एम. होतं. काका त्यात शिरले, की मागे उभे असलेले लोक रांग सोडून चौकातल्या दुसऱ्या मशीनकडे जायचे. थांबण्यात अर्थ नसायचा. काका आधी कार्ड घालायची खाच दोन बोटांनी धरून हलवून बघत, मग आकड्यांच्या पट्टीखाली नख घालून ती उचकटते का ते बघत, मग मान वर करून छताचे चारही कोपरे न्याहाळत. त्यानंतर खिशातून मोठा रुमाल काढून तो हातावर असा पसरत, की बोटं पार दिसेनाशी होत. पैसे हातात आल्यावरही काम संपत नसे. सगळी बटणं एकदा दाबायची, म्हणजे कोणती चार वापरली ते बोटांच्या ठशांवरून कुणाला कळू नये. पावतीचे तुकडे करून अर्धे तिथल्या टोपलीत टाकायचे आणि अर्धे खिशात घालून घरी आणायचे.

मी त्यांची भाडेकरू होते. पुण्याहून नोकरीसाठी हैदराबादला आले आणि त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत चार वर्षं राहिले. हे सगळं गल्लोगल्ली, अगदी भाजीच्या गाडीवरही, फोनने पैसे देणं सुरू व्हायच्या जरासं आधीचं. तेव्हा माझ्या पाकिटात मागे काळी पट्टी असलेलं जुनं कार्ड होतं. बँक चिपचं नवं कार्ड देणार म्हणत होती, पण ते अजून आलं नव्हतं.

काकांचे आजोबा परभणीकडची शेती सोडून हैदराबादेत आले, तेव्हापासून हे घराणं इथलंच. त्यांचं मराठी सुरुवातीला मला निम्मंच कळायचं. "काय करायलात?" असं त्यांनी विचारलं की मी क्षणभर थांबायचे. 'हो'ला ते 'हौ' म्हणत, 'नको'ला 'नक्को', आणि रागावले की सरळ दख्खनी उर्दूत शिरत. सगळी नोकरी त्यांनी वजनमापे खात्यात काढली होती, निरीक्षक म्हणून. दुकानादुकानांतून तराजू तपासायचे, मापं बघायची, शिक्का मारायचा. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली तरी सदऱ्याच्या खिशात दोनशे ग्रॅमचं एक पितळी वजन असे. भाजीवाल्याने टोमॅटो तोलून झाले की काका ते वजन काहीही न बोलता त्याच्या काट्यावर ठेवत आणि आकडा बघत. गल्लीत त्यांना सगळे 'तराजूसाब' म्हणायचे. तोंडावर आदराने, मागे वैतागून.

पत्नी वारल्यापासून ते एकटेच होते. दर गुरुवारी मलकपेठेत धाकट्या बहिणीकडे जेवायला जात. बाकी कुणाकडे फारसं जाणंयेणं नव्हतं. नोकरीत असताना कुठल्याच दुकानात चहा प्यायचा नाही असा त्यांचा नियम होता, आणि निवृत्तीनंतर चहा पाजणारं कुणी उरलं नव्हतं. म्हणून असेल, पण रविवारी सकाळी ते मला खाली चहाला बोलवत. चहाबरोबर उस्मानिया बिस्किटं असत, आणि उपदेश.

"ताई, कार्ड दुसऱ्याच्या हातात द्यायचं नक्को. हॉटेलात तो पोऱ्या कार्ड घेऊन आत जातो ना, तुम्ही त्याच्या मागं जायचं."

"काका, लोक हसतील."

"हसू द्या. मी सगळी नोकरी लोकांना हसताना बघितलं. लबाडी कुठं होते माहीत आहे? दुकानदाराचा हात गिऱ्हाइकाला जेवढा वेळ दिसत नाही, तेवढ्यातच होते. एवढ्याशा जागेत." असं म्हणून ते टेबलाच्या कडेखाली वीतभर जागा दाखवत.

एकदा मी चहाला बसले असताना त्यांचा फोन वाजला. पलीकडून कुणी तरुण मुलगा बोलत होता. बँकेतून बोलतोय, तुमचं कार्ड आज बंद होणार, मागचा नंबर सांगा. काकांनी वही ओढून घेतली. शाखा कुठली, मॅनेजरचं नाव काय, तुमचं टेबल दारापासून डावीकडे की उजवीकडे, असं एकेक शांतपणे विचारत सगळं लिहून घेतलं. तो मुलगाही काहीबाही सांगत राहिला. शेवटी काका म्हणाले, "बेटा, घर में अम्मा हैं क्या? उनको बोला क्या, ये काम करता मैं करके?" पलीकडून फोन कट झाला. काकांनी त्या दिवशी दुपारी पोलीस ठाण्यात जाऊन अर्ज दिला आणि पोच घेतली. पुढे काही झालं नाही, होणार नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. पोच मात्र त्यांनी फाईलला लावली.

हे सगळं मी ऑफिसमध्ये रंगवून सांगायचे. मैत्रिणी हसायच्या, मीही हसायचे.

मग मला डेंग्यू झाला. तापाने मी चार दिवस उठू शकत नव्हते, आणि घरात औषधापुरतीही रोकड नव्हती. काका वर आले, तेव्हा मी कार्ड त्यांच्या हातात ठेवलं आणि पिन सांगायला लागले. त्यांनी दोन्ही हातांनी कान झाकले. तो प्रसंग मला आठवतो, कारण तापातही मला हसू आलं होतं. पण दुसरा उपाय नव्हता. त्यांच्या त्या महिन्याच्या पेन्शनचे पैसे माझ्या तपासण्यांवर आधीच खर्च झाले होते आणि ते परत घ्यायला ते तयार नव्हते. शेवटी त्यांनी कान उघडले. मी चार आकडे सांगितले. तासाभराने ते पैसे, पावती आणि औषधं घेऊन आले. त्यानंतरचं मला धड आठवत नाही.

बरी झाले, कामाला लागले. दीडएक महिना गेला. एका गुरुवारी दुपारी मी ऑफिसात मीटिंगमध्ये असताना फोनवर लागोपाठ दोन मेसेज आले. माझ्या खात्यातून दहा हजार काढले होते, आणि दोन मिनिटांनी पुन्हा दहा हजार. कार्ड माझ्या पर्समध्ये, पर्स माझ्या मांडीवर. मी बाहेर येऊन कार्ड बंद करवलं. पैसे कुठून निघाले असं विचारलं, तर फोनवरची मुलगी म्हणाली, "मलकपेट, मॅडम."

दुसऱ्या दिवशी बँकेत गेले. समोरच्या अधिकाऱ्याने संगणकात बघितलं आणि खुर्ची मागे सरकवली.

"मॅडम, पिन तो बराबर डला है. पहिल्याच वेळी. चोर असता तर एकदा तरी चुकला असता. घर में किसको मालूम है?"

"कुणालाच नाही," मी म्हणाले. आणि त्याच क्षणी मला काकांचा चेहरा दिसला.

गुरुवार. मलकपेठ. कार्ड तासभर त्यांच्या हातात होतं, आणि पिन त्यांना मी स्वतः सांगितला होता. अशा चोऱ्या कशा होतात, हे माझ्या ओळखीत त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

संध्याकाळी घरी आले तर ते फाटकाशीच उभे होते. मी झालं ते सांगितलं. मलकपेठ हा शब्द उच्चारताना मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा हलला नाही. "तीन दिवसांच्या आत लेखी द्या," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

त्यानंतरचे आठ दिवस मी कशी वागले ते आठवलं की अजूनही मला बरं वाटत नाही. दाराला नवं कुलूप आणलं. गच्चीवर कपडे वाळत घालायला जातानाही पर्स बरोबर घेऊन जाऊ लागले. त्यांच्या खोलीत नवा पंखा लागलेला दिसला, तर त्याची किंमत काय असेल ते दुकानात जाऊन विचारून आले. "परत ताप नाही ना ताई?" असं त्यांनी जिन्यात विचारलं, तर हा माणूस आता माझ्याशी इतकं गोड का बोलतोय असं वाटलं. रविवारी चहाला गेले नाही. डोकं दुखतंय, असं वरूनच सांगितलं. ते जिन्याच्या खालच्या पायरीवर थोडा वेळ उभे राहिले आणि परत फिरले.

सोमवारी सकाळी माझ्या दाराखालून एक कागद आत आलेला होता. काकांचं अक्षर, सरकारी वळणाचं. 'आपण विचारलेलं नाही, तरी कळवत आहे,' अशी सुरुवात. गुरुवारी दुपारी दीड ते साडेपाच आपण बहिणीच्या घरी होतो, किती वाजता जेवलो, चहा किती वाजता झाला, जाताना येताना कुठली रिक्षा केली, तिचा नंबर. खाली सही आणि तारीख.

वाचून माझा संशय कमी व्हायला हवा होता. तो वाढला. निर्दोष माणूस न विचारता असा हिशोब कशाला देईल? मी फोनवर नकाशा उघडून बघितलं. पैसे निघाले ते मशीन त्यांच्या बहिणीच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर होतं.

त्याच दिवशी बँकेचा अर्ज भरायचा होता. त्यात एक प्रश्न होता: पिन इतर कुणाला सांगितला होता का? मला ऑफिसमधल्या एकाने सांगून ठेवलं होतं, की तिथे 'नाही' लिही. चूक ग्राहकाची आहे हे बँकेने सिद्ध करायचं असतं, पण तू स्वतःच पिन सांगितल्याचं लिहून दिलंस, तर त्यांना आयतं मिळेल. अर्ज घेऊन मी जिना उतरत होते, तर काका व्हरांड्यात बसले होते.

"बघू," ते म्हणाले. मी नाइलाजाने कागद दिला. त्यांनी तो डोळ्यांच्या अगदी जवळ नेऊन वाचला आणि त्या प्रश्नावर बोट ठेवलं. "इथं माझं नाव लिहा."

"काका, लिहिलं तर पैसे मिळणार नाहीत."

"हौ. कदाचित नाही मिळणार. पण लिहा. तारीख लिहा, का सांगितला ते लिहा. आज लपवलं आणि उद्या त्यांना कळलं, तर तुमचं बाकीचं खरंसुद्धा खोट्यात जातं."

माझ्या मनात आलं, की अर्ज फेटाळला जावा अशीच यांची इच्छा असेल. अर्ज फेटाळला की चौकशी तिथेच थांबते. असं वाटूनसुद्धा मी नाव लिहिलं. का लिहिलं ते नीट सांगता येणार नाही. पोलिसांना किंवा बँकेला हे नाव कुणीतरी द्यायला हवंच होतं, आणि ते त्यांच्याच सांगण्यावरून देता येत होतं, हे त्यातलं एक कारण होतं.

व्हायचं तेच झालं. बँकेचं उत्तर आलं: ग्राहकाने पिन स्वतः दुसऱ्याला सांगितल्याने बँक जबाबदार नाही. मी ते पत्र काकांच्या हातात दिलं. काकांनी चष्मा पुसला, पत्र दोनदा वाचलं, आणि म्हणाले, "चला."

"कुठे?"

"बँकेत."

तोच अधिकारी होता. काकांनी आपलं नाव सांगितलं आणि अर्जात ज्याचं नाव आहे तो मीच, असंही सांगितलं. अधिकारी एवढंच म्हणाला, की साहेब, मशीन खोटं बोलत नाही.

"काटा खोटं बोलत नाही, हे मला रोज एक दुकानदार सांगायचा," काका म्हणाले. "काटा बोलतच नाही. बोलतो ते तुम्ही. मला मशीनचा कागद दाखवा. हा पिन शेवटचा कधी बदलला, त्याची नोंद असते. ती लेखी द्या."

"ते इथे मिळत नाही, वरून मागवावं लागतं."

"मागवा. आम्ही अर्ज आणलाय." आणि त्यांनी पिशवीतून खरोखरच अर्ज काढला, दोन प्रतींत, पोच घेण्यासाठी.

नोंद यायला तीन आठवडे लागले. त्यात एकच ओळ महत्त्वाची होती. मला डेंग्यू झाला होता त्या आठवड्यातली, काकांनी पैसे आणून दिले त्याच दिवसाची. संध्याकाळी सात वाजून काही मिनिटांनी, माझ्याच मोबाइलवरून पिन बदललेला होता.

ती ओळ वाचली आणि मला थोडं थोडं आठवायला लागलं. मी उशीला टेकून बसलेय. फोन हातात आहे. काका दारात उभे आहेत, भिंतीकडे तोंड करून, आणि म्हणतायत, "बदलल्याशिवाय मी खाली जाणार नाही." मी चिडून काहीतरी चार आकडे दाबले होते. ते माझ्या आधीच्या कार्डाचे आकडे असणार, कारण बरी झाल्यावर बोटं सवयीने तेच दाबू लागली आणि मला फरक जाणवला नाही; पण पिन बदलला कसा आणि का, ते तापाबरोबर पुसून गेलं होतं. मी त्यांना सांगितलेला पिन त्याच दिवशी मेला होता. तो घेऊन कुणालाही काहीच करता आलं नसतं.

"काका, तुम्ही आधीच का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? मी भिंतीकडं बघत होतो. तुम्ही खरंच बदलला, की मला घालवायला नुसतं हौ म्हणालात, ते मला कुठं दिसलं? आणि ज्याच्यावर आळ, त्याच्या बोलण्याला काय वजन. कागद पाहिजे होता."

मी म्हणाले, "सॉरी काका." त्यांनी हात हलवला, जणू माशी हाकलली. "ते राहू द्या. नवा पिन तुम्ही कुठं कुठं वापरला, त्याची यादी काढा."

यादी मोठी नव्हती. किराणा, कापडाचं एक दुकान, पेट्रोल पंप, आणि तापानंतर नंबर वाढला म्हणून जामबागेकडे घेतलेला चष्मा. काकांनी चारही ठिकाणी मला बरोबर नेलं. पहिल्या तीन ठिकाणी ते दोन मिनिटांत बाहेर आले. चष्म्याच्या दुकानात मात्र पंधरा मिनिटं बसून राहिले. फ्रेम बघायच्या निमित्ताने एक लावायचे, एक काढायचे. बाहेर आल्यावर म्हणाले, "ताई, तुम्ही आकडे दाबताना हात झाकला होता?"

"समोरून झाकला होता."

"आणि मागचा आरसा?"

दुकानात भिंतीभर आरसे होते. चष्म्याच्या दुकानात ते असणारच. गिऱ्हाईक काउंटरशी उभं राहिलं, की त्याची बोटं मागच्या आरशात, आणि तिथून पुढच्या आरशात. मशीन काउंटरखालच्या एका फळीवर ठेवलेलं होतं. कार्ड विक्रेत्याच्या हातात गेलं, की क्षणभर फळीखाली जायचं, मग मशीनमध्ये, आणि मशीन वर गिऱ्हाइकापुढे यायचं. तेवढ्यात कार्डाची नक्कल करणाऱ्या एखाद्या यंत्रावरून काळी पट्टी ओढली तर गिऱ्हाइकाला कळणारही नाही.

आम्ही पोलिसांकडे लेखी दिलं. तिथल्या बाईंनी दुकानाचं नाव वाचलं, आत जाऊन दुसरी फाईल आणली आणि आम्हाला बसायला सांगितलं. त्याच दुकानात चष्मा घेतलेल्या आणखी तिघांची तक्रार आधीच आलेली होती. प्रत्येकाला बँकेने तेच सांगितलं होतं, की पिन बरोबर पडलाय, घरातलं कुणीतरी असेल. एका निवृत्त शिक्षकांनी त्यावरून आपल्या सुनेशी बोलणं टाकलं होतं. दुकानातला एक विक्रेता पंधरा दिवसांपूर्वी काम सोडून गेला होता. तो पुढे सापडला.

काकांनी चौघांचे अर्ज एकत्र केले. बँक, मग बँकेच्या वरचं कार्यालय, मग बँकिंग लोकपाल. सहा महिने गेले. माझे पैसे परत आले, त्या तिघांचेही आले. मी पेढे घेऊन खाली गेले. काकांनी मेसेज वाचला, पेढा घेतला, आणि बोलणं गॅस सिलिंडरच्या वजनाकडे वळवलं.

पुढच्या वर्षी ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला, गच्चीबावलीला गेलं आणि मी घर बदललं. अधूनमधून फोन करायचे. मग एकदा त्यांच्या बहिणीने, म्हणजे आत्यांनी, फोन उचलला. काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, मोतीबिंदूचं, आणि आता ते मलकपेठेतच राहत होते. मी शनिवारी भेटायला गेले. ते आतल्या खोलीत पडले होते. आत्यांनी मला स्वयंपाकघरात बसवलं आणि हळू आवाजात बोलायला लागल्या.

"विसरायलेत आता. गॅस चालू ठेवून निघून गेले दोनदा. म्हणून इकडं आणलं. पण हे आत्ताचं नाही बघा. तुमचे पैसे गेले होते ना, तेव्हापासूनच त्यांना तशी शंका यायली होती."

"कसली शंका?"

"स्वतःचीच. तो गुरुवार झाल्यावर रोज मला फोन. मी किती वाजता आलो, किती वाजता गेलो. जेवल्यावर मी झोपलो होतो की मधेच उठून कुठं गेलो होतो, नीट आठवून सांग. मी म्हणायची, अहो दादा, तुम्ही माझ्या डोळ्यांसमोर होतात. तरी पटायचं नाही. त्या मशीनवरच्या वॉचमनला जाऊन विचारून आले, मला इथं बघितलं होतं का म्हणून. डोळ्यांना नीट दिसत नाही, डोक्याचा भरवसा नाही, माझ्याच हातून झालं असलं तर, असं म्हणायचे. तो कागद लिहिला तुम्हाला, तो इथंच बसून. चारदा फाडला."

मी उठून आत गेले. काका जागे होते. एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती. दुसऱ्या डोळ्याने त्यांनी मला बराच वेळ निरखलं आणि ओळखलं. मी खुर्ची ओढून जवळ बसले.

"काका," मी म्हणाले, "माझे पैसे तुम्ही घेतले नव्हते. तुमच्या हातून काही झालेलं नव्हतं."

बाहेर कुकरची शिटी झाली. मग त्यांनी पांघरुणावरची घडी हाताने सरळ केली.

"हौ," ते म्हणाले. "पण हे तुम्ही आज पहिल्यांदा म्हणायलात."

मी आठवून बघितलं. सॉरी म्हटलं होतं, आभार मानले होते, पेढे दिले होते. हे वाक्य खरंच कधी म्हटलं नव्हतं.

"परत म्हणा," काका म्हणाले. "आत्याला बोलवा आणि तिच्यासमोर म्हणा. मी विसरलो तर तिला माहीत असू द्या."

मी आत्यांना हाक मारली. त्या पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या, आणि मी ते पुन्हा म्हटलं.